मांडवातली फीत

फीत निळी होती म्हणून पक्ष्यानं ती उचलली. त्याचं काही चुकलं नाही. दुधाच्या बाटल्यांची निळी झाकणं, निळे स्ट्रॉ, कपड्यांचे दोन चिमटे, कुणाच्या तरी दम्याच्या पंपाचं टोपण, रोझेला पोपटाची चार पिसं, हे सगळं त्यानं आपल्या मांडवापुढं गवतावर पसरून ठेवलं होतं, आणि त्यातच ती वीतभर लांबीची, उन्हानं विटलेली प्लास्टिकची फीत पडली होती. मंगळवारची सकाळ. ऑस्ट्रेलियातल्या वुलंगाँगच्या आमच्या भागात बोलिंग क्लबच्या मागं जी झुडपं आहेत, तिथं ऊना ट्रँटर दर मंगळवारी यायची तशीच आली होती, गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, आणि नवीन काय आलंय ते नजरेनं टिपत होती. फितीवर काळ्या पेनानं काहीतरी लिहिलेलं दिसलं, म्हणून तिनं चष्मा नाकावर सरकवला. ‘पिवळी. २ अंडी. २३ नोव्हें. स. ७.१०.’ आणि खाली वर्षाचे दोन आकडे, गेल्याच्या गेल्या वर्षाचे. सातच्या पोटात आडवी रेघ होती. अशी रेघ मारणारा माणूस ऊनाच्या ओळखीत एकच होता, आणि तो या वेळी घरी बसून टोस्टला लोणी लावत असणार. ती उठून उभी राहिली. झुडपात नर आपला खरखरत होता, मध्येच मांजरासारखा आवाज काढत होता, आणि पलीकडं क्लबच्या हिरवळीवर कुणाचा तरी चेंडू दुसऱ्या चेंडूला लागला, टाळ्या पडल्या. ऊनाला वाटलं, आपल्याला घाम आलाय. हात लावून पाहिलं तर कपाळ कोरडं होतं.

आता ज्यांच्या अंगणात कुंजपक्षी येत नाहीत त्यांना हे सगळं काय कळणार! म्हणून सांगायचं तर मांडव हे घरटं नव्हे. लोक तिथंच फसतात. काटक्यांच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या करायच्या, चावलेल्या पाल्याच्या रसानं त्या आतून रंगवायच्या, पुढं निळ्या वस्तूंचा बाजार मांडायचा आणि मग त्यात पिसं फुगवून नाचायचं, हे नराचं काम. चकचकीत काळानिळा रंग यायला त्याला सात वर्षं लागतात, तोवर तो हिरवाच असतो, दुसऱ्यांचे मांडव बघत शिकतो, पाडतो, चोऱ्या करतो. मादी येते, आत उभी राहून बघते, आवडलं तर आवडलं, आणि जाते. ती जाते ती दूर कुठंतरी झाडावर एकटीनं काटक्यांची ताटली विणायला. अंडी तिची, ऊब तिची, तीन आठवडे बसणं तिचं, मग तीन आठवडे किडे, नाकतोडे, सिकाडा आणून भरवणंही तिचं. नर त्या झाडाकडं ढुंकूनही बघत नाही. रविवारी पक्षीमंडळाची माणसं जमली, आणि नव्यानं आलेल्या कुणी विचारलं की या मांडवात अंडी कुठं असतात, तर ऊनाचा नवरा लॉईड दर वेळी तेच सांगायचा: ‘अहो, ही बैठकीची खोली! स्वयंपाकघर बाईसाहेबांचं, ते वेगळं!’ आणि लोक हसायचे. ऊनाही हसायची. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे तेच ते विनोद पुन्हा हसून घेणं हीसुद्धा एक माया असते, असं तिला वाटायचं.

तर मांडव लॉईडचा आणि घरटं ऊनाचं, अशी त्यांची वाटणीच होती. कुणी ठरवून केलेली नव्हे, आपोआप झालेली. लॉईड नगरपालिकेत रस्त्यांची मोजणी करायचा, चार माणसांत उभं राहून बोलायची त्याला हौस. निवृत्त झाल्यावर तो मंडळाचा अध्यक्ष झाला, वर्तमानपत्रात त्याचा मांडवाशेजारी उभा फोटो आला. ऊना टेलिफोन एक्सचेंजमधली. तिथं तीस वर्षं लोकांच्या कानाशी बसून काढली, पण कुणाचं ऐकलेलं कधी बाहेर बोलली नाही. तो तिथला नियमच होता आणि तिच्या हाडामांसात मुरला होता. घरटं शोधण्यालाही असलंच माणूस लागतं. मादी हिरवी, पानांत पान होऊन जाते. चोचीत काटकी दिसली तर तिच्या मागं जायचं नाही, नुसतं दिशा बघून ठेवायची. दुसऱ्या दिवशी थोडं पुढं. असं करत करत आठवड्यानं झाड कळतं. आणि झाड कळलं की खरी कसोटी: त्याच्याखाली थांबायचं नाही. चालत चालत जायचं, लांबच्या काठीला बांधलेला आरसा वर धरायचा, वीस आकडे मोजायचे, आणि आल्या वाटेनं न परतता पुढं निघून जायचं. कारण वर कुठंतरी करावाँग बसलेला असतो, काळा, पिवळ्या डोळ्यांचा, कावळ्याच्या घराण्यात शोभेल असा अंडीचोर; तो माणसाकडं बघतो. माणूस कुठं थांबतो, कुठं मान वर करतो, कुठं गवत तुडवलं जातं, हे त्याला नेमकं कळतं. म्हणून घरट्याच्या झाडाला खूण करायची नाही. आणि अगदीच केली, तर नारिंगी फितीनं. निळ्या फितीनं तर चुकूनही नाही. कुंजपक्ष्यांच्या मुलखात निळी फीत बांधायची म्हणजे... हे मंडळातल्या नव्या पोरीसुद्धा पहिल्या रविवारी शिकतात! आणि लॉईडनं निळी बांधली. नारिंगी संपली असेल. घाईत असेल. ऊनाला स्वतःचाच राग आला, की आपण इथं उभ्या राहून त्याच्यासाठी कारण शोधतोय.

पिवळी हे नाव तिच्या डाव्या पायातल्या पिवळ्या कड्यावरून पडलं होतं. तेरा वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेलं कडं. ऊनाच्या वहीत तिची अकरा घरटी होती. इतकी वर्षं एकाच मादीमागं लागणारी ऊना एकटीच असेल. लॉईड चेष्टेनं म्हणायचा, ‘माझ्यापेक्षा तिचं जास्त माहीत आहे तुला.’ खरंच होतं ते. घरट्याची जागा ऊना कुणाला सांगत नसे, फक्त लॉईडला सांगे. रात्री दिवा मालवल्यावर नव्हे, उघड, जेवणाच्या टेबलावर, ‘यंदा टर्पेंटाइनच्या झाडावर, ओढ्याच्या अलीकडं’ असं. आणि तो दर वर्षी हात वर करून म्हणायचा, ‘जाणार नाही, बघणार नाही, बोलणार नाही.’ त्यांची ती दर वसंतातली, म्हणजे इथल्या सप्टेंबर-नोव्हेंबरातली, गंमत होती. पहिल्या वर्षी मात्र ते गंमतीत नव्हतं. पहिल्या वर्षी त्यानं तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, ‘ऊना, हे तुझं एकटीचं आहे. मी त्यात पाय घालणार नाही.’ मुलगा तेव्हा नुकताच पर्थला गेला होता, घर रिकामं वाटत होतं, आणि ‘तुझं एकटीचं’ हे शब्द ऊनानं इतक्या वर्षांत किती वेळा मनातल्या मनात उलगडून पाहिले असतील, देव जाणे.

तेवीस नोव्हेंबर. ती झुडपाजवळच्या बाकावर बसली, फीत मुठीत होती. तेवीस नोव्हेंबरला आपण कुठं होतो? आठवायला वेळ लागला नाही, कारण तो दिवस तिनं जपून ठेवलेला होता. त्या दिवशी ते नौराला गेले होते, तिच्या बहिणीकडं, मर्लकडं. लॉईडला मर्ल कधी आवडली नाही. ‘तुझी बहीण श्वास घ्यायला थांबत नाही’ म्हणायचा. आणि त्या दिवशी तोच आपणहून म्हणाला होता, ‘चल, मर्लकडं जाऊ. दोन दिवस राहू. तू किती दिवस म्हणतेयस.’ सकाळी तो फिरून आला तेव्हा बुटांना चिखल होता, आणि गाडीत बसायची घाई करत होता. वाटेत कायामाला थांबून मासे आणि बटाट्याचे काप घेतले, धक्क्यावर बसून कागदातूनच खाल्ले. वारा होता. लॉईडनं स्वतःचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं आणि विचारलं, ‘थंडी वाजतेय?’ एवढंच. पण साठी उलटलेल्या बाईला असं कुणी विचारलं की तिला बरं वाटतं. नंतर दोन वर्षांत कितीदा तरी, भांडी घासताना, बसची वाट बघताना, तो धक्का, तो वारा, ते तेलकट कागद तिला आठवत आले होते. आता कळत होतं की तिला गावाबाहेर काढायचं होतं. सकाळी सात दहाला तो टर्पेंटाइनपाशी फीत बांधत होता, दुसऱ्या कुणाला तरी झाड सापडावं म्हणून, आणि दुपारी एकला तिच्या अंगावर जाकीट घालत होता. एकाच माणसाचे तेच हात! तिला वाटलं, माझा तोही दिवस नेला. घरटं नेलं ते नेलंच, हा दिवस कशाला न्यायचा?

परत आल्यावर सव्वीस तारखेला ती काठी आणि आरसा घेऊन गेली होती. आरसा लॉईडचा जुना दाढीचा. वर धरला तर त्यात काटक्यांची ताटली तिरकी झालेली दिसली, आणि आत नुसती सुकी पानं. खाली गवतात पिवळसर कवचाचा तुकडा होता, त्यावर कुणी पेन चालवून बघावं तशा गर्द रेघांचं गिरगटणं. आणखी एक पाहिलं होतं तिनं. घरट्यासमोरच्या दोन फांद्या नाहीशा झाल्या होत्या, आणि उरलेल्या टोकांवरचा काप तिरका, स्वच्छ होता. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा लॉईड टेबलाशी बसला होता. ‘पॉसमनं खाल्ल्या असतील’ म्हणाला. रात्री झाडांवर पाला खाणारा तो पॉसम असं खात नाही हे ऊनाला माहीत होतं. मंडळाच्या अध्यक्षालाही माहीत असायला हवं. पण तेव्हा ती रडत होती आणि रडणारं माणूस फांद्यांचा विचार करत नाही. तो उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला होता, ‘वाईट वाटून घेऊ नकोस गं. तू मुद्दाम थोडंच केलंस?’

‘मी?’

‘नाही, म्हणजे... तू जरा जास्त वेळ थांबत होतीस का खाली? यंदा घरटं खालच्याच फांदीवर होतं, तुला मोह झाला असेल. करावाँगला तेवढंच पुरतं. कुणाच्याही हातून होतं.’

कुणाच्याही हातून होतं! हे वाक्य तिनं दोन वर्षं उशाशी घेतलं होतं. खरंच थांबले होते का मी? एकोणीस तारखेला वीसऐवजी तीस मोजले होते का? खोकला आला होता का? मान वर केली होती का? एवढ्या तेवढ्यावरून ती स्वतःला खात राहिली. पुढच्या वसंतात ती पिवळीच्या डोंगराकडं फिरकलीच नाही. काठी गॅरेजमध्ये उभी राहिली, वहीत त्या वर्षाचं पान कोरं गेलं. पिवळीनं त्या वर्षी कुठं घातली अंडी, कुणास ठाऊक. लॉईड म्हणायचा, ‘जा ना, बघ तरी,’ आणि ती म्हणायची, ‘नको रे, माझा पायगुणच वाईट आहे.’ तो गप्प बसायचा. तो गप्प बसायचा, हे आता तिला लखलखीत दिसलं. गप्प बसायला त्याला काहीच लागलं नाही. आणि ते मासिक! मार्चमध्ये मंडळात कुणीतरी एक मासिक फिरवलं होतं, त्यात मधल्या दोन पानांवर कुंजपक्ष्याच्या घरट्याचा फोटो, दोन अंडी, एकही पान आड नाही, उजेड कसा सरळ आत पडलेला. ऊना म्हणाली होती, ‘लॉईड, हे बघ, अगदी आपल्यासारखं, ही तुटकी काटकीसुद्धा तशीच.’ आणि त्यानं चष्मा पुसत म्हटलं होतं, ‘सगळी घरटी सारखीच दिसतात.’ जिनं पिवळीची अकरा घरटी पाहिली तिला तो हे सांगत होता, आणि तिनं ते ऐकून घेतलं. फोटोवाल्यासाठीची फीत, त्यानं कापलेल्या फांद्या आणि तो फोटो आता तिला एका ओळीत दिसले. तीस वर्षं परक्यांचे आवाज ऐकून कोण खोटं बोलतंय ते तिला नुसत्या श्वासावरून कळायचं. याच्याबाबतीत कान कुठं गेले होते?

ती घरी आली तेव्हा लॉईड ओट्यापाशी उभा राहून दुधाच्या रिकाम्या बाटलीच्या गळ्यातली निळी कडी कात्रीनं कापत होता. आमच्याकडं हे घरोघर करतात. कडी अख्खी टाकली तर पक्षी ती उचलतो, ती त्याच्या मानेत अडकते आणि तो उपाशी मरतो. लॉईड इतका नेमानं कापायचा की पाहुण्यांकडं गेला तरी त्यांची कचरापेटी उघडून कडी शोधायचा. तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. पाठ तीच होती, मानेवरचा तीळ तोच, आणि त्या माणसाला पक्ष्यांची खरोखर काळजी होती, हेच तर कठीण होतं. हलकट असता तर बरं झालं असतं.

‘काय म्हणतोय आपला नवरदेव?’ त्यानं मान न वळवता विचारलं.

‘नाचतोय.’

‘नवीन काही?’

‘झाकणं. एक पंपाचं टोपण.’

‘रविवारी बारा जण येताहेत. ट्रेव्हर म्हणतो, सून घेऊन येतोय. आणि काय गं, पिवळी दिसली का? यंदा बघ हं तिच्यावर लक्ष ठेवून. झालं गेलं विसरून जा आता.’

झालं गेलं. ऊनानं पाण्याचा पेला भरला, पूर्ण प्याली. विचार ना, तिनं स्वतःला सांगितलं, फीत टेबलावर टाक आणि विचार. पण विचारलं की तो काहीतरी सांगणार, ते पटेल असं असणार, तो माणूसच तसा बोलतो. आणि मग आपल्याला ते पटवून घ्यावं लागेल. तिला पटवून घ्यायचं नव्हतं. निदान आज तरी नव्हतं. फीत स्वेटरच्या खिशात होती, बोटाला तिची कड लागत होती. जेवताना त्यानं तिच्या ताटात आपल्या वाटणीचा कुरकुरीत बटाटा ठेवला, नेहमीसारखा, आणि तिनं तो खाल्ला. एवढं झाल्यावरही माणसाला बटाटा गोड लागतो याची तिला लाज वाटली.

शुक्रवारी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. खांबावर फिरणाऱ्या दोरीच्या वर युकॅलिप्टसची एक फांदी येते, तिच्यावर बांडगुळाचा मोठा झुबका लटकलेला आहे. त्यात पानं हलली. ऊनानं चिमटा तोंडात धरलेला, मान वर न करता तिनं नुसते डोळे फिरवले. हिरवी पाठ, छातीवर खवल्यांची नक्षी, जांभळा निळा डोळा, चोचीत काटकी. आणि डाव्या पायात पिवळं कडं. पिवळी! सगळा डोंगर सोडून ही बया इथं, बेडरूमच्या खिडकीपासून सहा पावलांवर, तिच्याच डोक्यावर घरटं बांधत होती. ऊनाच्या छातीत असं काही उसळलं की तिच्या तोंडातून चिमटा गळून पडला. पहिला शब्द जो आला तो ‘लॉईड’. अडतीस वर्षांची सवय, दुसरं काय येणार! ती स्वयंपाकघराच्या दाराकडं वळलीसुद्धा. मग खिशातली फीत आठवली. ती परत वळली, आणि लॉईडचे पायमोजे एकेक करून दोरीवर लावले.

पण तिला त्याला एक संधी द्यायची होती. खरं बोलायची. हे तिचं तिलाही जरा हास्यास्पद वाटलं, शाळेतल्या बाईसारखं, पण त्याशिवाय तिला राहवेना. रविवारी सकाळी माणसं जमायच्या आधी ती क्लबच्या मागं गेली आणि फीत जिथं मिळाली होती तिथंच, अक्षरं वर करून, ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका टोकावर झाकण ठेवलं. मग थर्मास घेऊन बाकावर बसली. मंडळी आली. ट्रेव्हर, पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढलेला धिप्पाड माणूस, लांबूनच ओरडला, ‘अध्यक्ष महाराज कुठं आहेत? अजून भांग पाडताहेत?’

‘तुझ्यासारखं टक्कल असतं तर वेळेवर आलो असतो,’ लॉईड झुडपाआडून म्हणाला, आणि सगळे हसले. ट्रेव्हरची सून पहिल्यांदाच आलेली, तिनं तोच प्रश्न विचारला, अंडी कुठं घालतात, आणि लॉईडनं तेच उत्तर दिलं, आणि लोक हसले. ऊना हसली नाही. मग तो नेहमीप्रमाणं एकेक वस्तू काठीनं दाखवत सांगू लागला. ‘हे दुधाचं झाकण. हे पंपाचं टोपण ज्याचं त्याला म्हणावं, दमा बरा झाला असेल तर नेऊ नकोस. ही पिसं बहुतेक शेजारच्या मांडवातून पळवलेली. हे लोक एकमेकांच्या घरी चोऱ्या करतात, एक वस्तू दहा मांडव फिरून येते, दोन दोन वर्षांनी...’ इथं काठी थांबली. ऊना त्याच्या चेहऱ्याकडंच बघत होती. ते वाचायला त्याला चष्मा चढवावा लागला नाही. स्वतःचं अक्षर माणूस लांबूनही ओळखतो. त्याच्या गालावरचा एक स्नायू हलला, नजर फितीवरून उठून लोकांवरून फिरली, आणि तिच्यावर आली. ती थर्मासचं झाकण फिरवत होती. आता बोल, ती मनात म्हणाली, आत्ता नको, लोकांपुढं नको, पण नुसतं बघ माझ्याकडं, म्हणजे मला कळेल की घरी गेल्यावर तू सांगशील. त्यानं पाहिलंही. क्षणभर त्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं, असं तिला आजही वाटतं. मग त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. मांडवाच्या पुढच्या अंगणात आम्ही कुणी कधी पाय टाकत नाही. बारा वर्षांत त्यानं कुणाला टाकू दिला नव्हता. त्याचा बूट फितीवर आला आणि तिथंच राहिला. ‘आणि हे बघा,’ तो म्हणाला, आवाज तसाच खणखणीत, ‘भिंती उत्तर दक्षिण आहेत. उगाच नव्हे. सकाळचं ऊन...’

‘अध्यक्ष महाराज, पाय!’ ट्रेव्हर म्हणाला. ‘नवरदेवाच्या दिवाणखान्यात बूट घालून शिरलात!’

‘अरेच्चा,’ लॉईड म्हणाला. ‘म्हातारपण, दुसरं काय.’ तो वाकला, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं, आणि उभा राहिला तेव्हा गवतावर फीत नव्हती. ऊनानं थर्मासमधला चहा ओतला.

ते गाडीनं घरी निघाले. वळणावर समुद्र दिसला, कारखान्याची धुराडी दिसली. मग त्यानं विचारलं, ‘पिवळीचं काही कळलं का? नोव्हेंबर लागला.’

‘यंदा तिनं केलेलं दिसत नाही,’ ऊना म्हणाली.

‘असं?’

‘वय झालं असेल तिचं.’

अडतीस वर्षांत नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज आलं की तिची तीच दचकली. तो ‘बिचारी’ म्हणाला आणि त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तिनं घरापर्यंत तसाच राहू दिला.

पुढचे सात-आठ आठवडे ती कपडे धुण्याच्या बाबतीत फार काटेकोर झाली. रोज थोडे, ठरावीक वेळी, नजर चिमट्यांवर. निळे चिमटे तिनं आधीच काढून टाकले होते. लॉईड अंगणात आला की ती कशाला तरी आत बोलवायची. ‘जरा डबा उघडून दे.’ ‘फोन वाजतोय बघ.’ तो यायचा. त्याला वर बघायचं सुचलंच नाही; मांडव बघून बघून त्याची मान खाली बघायलाच शिकली होती. तिनं आरसा वापरला नाही. पिवळी बसून राहते ते दिवस तिनं मोजले, एकवीस. मग एका सकाळी ती सिकाडा घेऊन आली तेव्हा ऊनाला कळलं की आत तोंडं उघडलीत. वहीत लिहिलं नाही. वही लॉईडच्या टेबलाच्या शेजारच्याच फडताळात असायची. कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि आनंद असा पोटात ठेवला की तो दुखायला लागतो हे तिला नवीनच कळत होतं. पिवळीच्या राज्यात नर नसतो ते ठीक, पण तिला सवय असते. ऊनाला सवय नव्हती. कधी कधी रागानं ती त्याला मनात वाट्टेल ते बोलायची, भामट्या, ढोंग्या, आणि लगेच वाटायचं, पिल्लू फांदीवर येईल तेव्हा याला किती आवडलं असतं बघायला. नाताळात मुलगा आला नाही, फोन आला. थंड हॅम, कोळंबी, आणि डोक्यावर पंखा. लॉईडनं तिला नवीन दुर्बीण दिली. ‘पुढच्या वर्षी लागेल,’ म्हणाला.

नाताळानंतर दोन दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, ती चादरी काढायला गेली आणि पाहिलं तर दोरीवरच, लॉईडच्या चेक्सच्या शर्टाशेजारी, एक पिल्लू बसलं होतं. शेपूट अजून आखूड, डोक्यावर कापसासारखं काहीतरी चिकटलेलं, तोल सांभाळायची धडपड चाललेली. तिला बघून ते फडफडत वर बांडगुळाच्या कडेवर गेलं. ‘लॉ...’ निघालं तिच्या तोंडातून. अर्धंच.

तो दारात आला. हातात कात्री, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. ‘हाक मारलीस?’

‘चादरी,’ ती म्हणाली. ‘एकटीला जड जातात.’

त्यानं कात्री पायरीवर ठेवली आणि आला. चादरींच्या घड्या ते दोघं मिळूनच घालायचे, लग्न झाल्यापासून. दोन टोकं त्यानं धरली, दोन तिनं, मागं सरकून ताणली, झटकली, मग एकमेकांकडं चालत आले, त्याची टोकं तिच्या हातात, पुन्हा मागं. त्याच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, पिल्लू मान वाकडी करून बघत होतं. दुसऱ्या घडीला तो थांबला. चादर ताणलेलीच होती. ‘ऊना,’ तो म्हणाला, आणि आवाज वेगळा होता, रविवारचा नव्हता. ‘पिवळीचं ते घरटं... त्या वर्षीचं.’

ती थांबली. बोल, बोल रे बाबा, एवढं एकच वाक्य बोल, मी हात वर करून दाखवते तुला, तुझ्या डोक्यावरच आहे. तिचं सगळं म्हणजे सगळं त्या ताणलेल्या कापडात आलं होतं. लॉईड तिच्याकडं बघत होता. मग त्याची नजर चादरीच्या काठावर गेली.

‘वाईट झालं ते,’ तो म्हणाला. ‘तू उगाच इतकं मनाला लावून घेतलंस. चूक कुणाच्याही हातून होते गं. मी कधी तुला बोललोय का त्यावरून?’

‘नाही रे,’ ऊना म्हणाली. ‘कधीच नाही बोललास.’ ती चालत त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातली दोन्ही टोकं काढून घेतली, आणि उरलेल्या घड्या एकटीनंच घातल्या.